शेवंतीचा पट्टा

अहो,

शेवंतीच्या गळ्यातला पट्टा मी सोडला. चिडू नका. ती गव्हाणीचं लाकूड चावते, वारा गिळते, ते जमू नये म्हणून तुम्ही तो आवळला, लाकडाले कडुलिंब फासला. तरी थांबली का? लग्नसराई संपल्यापासून ही वरातीची घोडी तबेल्याबाहेर निघालीच नाही. दिवसभर भिंत पाहून दुसरं काय करणार?

तिले सक्करदऱ्याच्या तलावाकडे चारायले नेऊन राहिली.

कडुलिंब तुम्ही माझ्या नखांलेही लावला होता, आठवते? बालवाडीची नोकरी सोडायले लावली, तेव्हापासून खाऊन राहिली मी नखं. काहून, ते कोणी विचारलं नाही.

वरण झाकून ठेवलं आहे, गरम करून घ्या. सहापर्यंत दोघीही परत येतो. जाणार कुठं?

मिनल