तिसऱ्या रिळातली बाई

मी, बिभीषण आप्पा वाघमोडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सिनेमा ऑपरेटर (धंदा बंद, सवय चालू), राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो बुद्धीत धरू नये. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाकदपटशा केलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. द्यायचे काय ते मला त्रेचाळीस वर्षांपासून ठाऊक आहे, द्यायची हिंमत नव्हती. बाकी सगळी कलमे सहाव्या कलमातल्या पितळी डब्यापर्यंत पोचण्यासाठी आहेत, असे समजले तरी चालेल.

माझी पत्नी मंजुळाबाई १९८१ च्या श्रावणात काविळीने वारली. वारस म्हणून एकच मुलगी, सुलेखा. ती फर्दापूरला असते, अजिंठा लेण्यांच्या फाट्यावर तिचे रंगीत दगडांचे दुकान आहे. तिची मुलगी प्रांजली इथे शहरात कॉलेजला शिकते. याखेरीज कोणी वारस म्हणून उभा राहिलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम १. हर्सूलच्या दोन खोल्या स्वकष्टार्जित आहेत. त्या सुलेखाच्या. मागच्या नळावर शेजारच्या आशाबाईंचा हक्क कायम राहील. या बाईने नऊ वर्षे मला भाकरी दिली आणि भाकरीबरोबर रोज दोन शब्द सुनावले. भाकरीचे उपकार मानतो, शब्दही बहुतेक बरोबरच होते.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते प्रांजलीच्या शिक्षणाला. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे फिल्म जोडायचे यंत्र, रीळ उलटे गुंडाळायचे चाक, भिंग आणि कात्री, हीही प्रांजलीला. ती आणि तिच्या कॉलेजातली पोरे जुने सिनेमे शोधून पुन्हा बघतात, त्यावर रात्रंदिवस वाद घालतात. चांगले आहे. कात्री मात्र तिने वापरू नये, शोभेला ठेवावी. का, ते पुढे येईल.

कलम ४. औरंगपुऱ्यातल्या महताब टॉकीजचे मालक तात्यासाहेब यांच्या घराण्याला काही नाही. तात्यासाहेब स्वतः दिलदार होते. पण त्यांच्या मुलाने टॉकीज विकताना माझे मशीन भंगारात घातले आणि मला सांगायचे सौजन्यही दाखवले नाही. मी गेलो तेव्हा भंगारवाला हातोड्याने त्याचे भिंग काढत होता. केबिनमधले माझे तीन पायांचे स्टूल त्या मुलाला द्यावे. त्यावर नीट बसता येत नाही.

कलम ५. मेहुणे सोमनाथ, राहणार फर्दापूर, यांना माझी सागवानी खाट. मंजुळा गेल्यावर पोर दोन वर्षांची होती. सोमनाथ म्हणाले, "दाजी, चार महिने ठिवा आमच्याकडं. तुम्ही चार खेळ चालवताव, पोरीकडं कोण बघंल?" चार महिन्यांची बावीस वर्षे झाली आणि तिचे लग्नही त्यांच्याच दारातून लागले. त्यांनी तिला सांगितले की तुझा बाप सिनेमातच रमला. हे ऐकून मी त्यांच्याशी सहा वर्षे बोललो नाही. खाट अशासाठी देतो, की ते खोटे बोलले नव्हते.

कलम ६. आता डबा. तो मंजुळाचा आहे, पितळी, झाकणावर तिचे नाव कोरलेले. आत अकरा सेकंदांचा फिल्मचा तुकडा आहे. झाकण काढले की शिरक्यासारखा आंबट वास येतो. फिल्म मरायला लागली की असा वास सुटतो.

मार्च १९८१ मध्ये एक हिंदी भुताचा सिनेमा काढायला माणसे इथे आली होती. नाव 'बावडी का बुलावा'. हर्सूलच्या पलीकडे एक बारव होती, आता ती बुजवली, तिथे शूटिंग. त्यांना उजेड पाडायचा चकचकीत पत्रा धरायला माणूस हवा होता, तात्यासाहेबांनी मला पाठवले. पाणी भरायला जाणाऱ्या बायका हव्या होत्या, म्हणून आळीतल्या बायका गोळा केल्या. मंजुळाही हौसेने आली. सुलेखा तिच्या कडेवर, डोक्यावर घागर. रांगेतली ती शेवटची. बाकी सगळ्या जणी पायऱ्या उतरून गेल्या, ही मात्र तिसऱ्या पायरीवर थांबली, वळली, आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. दिग्दर्शकाला ते इतके आवडले की त्याने तसेच ठेवले. आवाज घेतलाच नव्हता. वरून चेटकिणीचे हसणे चिकटवले.

सिनेमा आमच्या महताबला लागला तो पुढच्या वर्षी, दिवाळीत. तोवर मंजुळेला जाऊन वर्ष उलटले होते आणि पोर फर्दापूरला होती. दिवसाला चार खेळ. प्रत्येक खेळाला तिसऱ्या रिळात माझी बायको वळायची आणि माझ्या केबिनच्या चौकोनी भोकाकडे बघून बोलायची. पब्लिक शिट्ट्या मारायचे. मी पहिल्या आठवड्यात रडलो, दुसऱ्यात तिची वाट बघू लागलो, तिसऱ्यात डोळे मिटून घेऊ लागलो. पाचव्या आठवड्यात, बाराच्या खेळानंतर, मी कात्री घेतली. तुकडा कापला आणि जोड असा मारला की मालकालाही कळले नाही. त्या दिवशी तीनच्या खेळाला ती जागा आली, पडद्यावरचे चित्र किंचित उडाले, आणि तिचा आवाज मला केबिनमध्ये, माझ्या मानेमागे ऐकू आला. तेव्हापासून तो तिथेच आहे. हे मी वेडाच्या भरात लिहीत नाही. पहिल्या परिच्छेदात बुद्धीबद्दल लिहिले आहे ते पुन्हा वाचावे.

बाकी गावांत सिनेमा पडला. काढणारा बुडाला, बाकीच्या प्रती कुठे गेल्या कोण जाणे. आमचीच एक उरली. टॉकीज मोडल्यावर ती कोणा शौकीन माणसाने घेतली, कम्प्युटरवर उतरवली, आणि आता पोरे त्या पडेल सिनेमावर जीव टाकतात. त्यातही तिसऱ्या रिळातल्या उडीवर. शेवटची बाई एका चित्रात आहे, पुढच्यात नाही. कोणी म्हणतो ही दिग्दर्शकाची करामत, कोणी म्हणतो बारवेत खरेच भूत होते. 'वो औरत कहाँ गई?' असे लिहिलेले शर्ट घालून फिरतात.

या जानेवारीत प्रांजलीच्या मंडळाने तो कॉलेजात दाखवला. मला पाहुणा म्हणून बोलावले, नारळ दिला. सुलेखा लेकीच्या हौसेखातर फर्दापूरहून आली होती, माझ्या शेजारी बसली. तिसरे रीळ आले. रांगेत शेवटची बाई, लांबून, पाठमोरी. मग उडी. सगळा हॉल एका सुरात ओरडला, "वो औरत कहाँ गई?" पोरे हसली. माझी सुलेखाही हसली, आणि तीही ओरडली.

मी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसलो.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "गंमत म्हणून ओरडले खरं, पण अंगावर काटा आला बघा. वाटलं, तिथं खरंच कुणीतरी हुतं." ती मला बाबा म्हणत नाही, नुसते 'बघा', 'ऐका' म्हणते. मी म्हणालो, "जुन्या फिल्मा अशाच असतात." आयुष्यात खूप खोटे बोललो, पण इतके स्वस्त कधी बोललो नाही.

तर हा डबा मी सुलेखाला देतो. तिच्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, मान खाली घातलेला. यात तिची आई हलते, वळते, बघते, आणि कडेवर ती स्वतः आहे, मूठ तोंडात घातलेली. आधी तिने एकटीने बघावे. पुन्हा सिनेमात जोडायचा की नाही हे तिने ठरवावे, मंडळाने नाही.

कलम ७. तुकड्यात आवाज नाही, आणि मंजुळा काय बोलली हे जिवंत माणसांत मला एकट्याला माहीत आहे. तिने कॅमेऱ्याकडे बघितलेच नव्हते. कॅमेऱ्याच्या बाजूला मी पत्रा धरून उभा होतो. ती म्हणाली, "अवो, हिला घ्या की जरा. हात लई अवघडला."

मी घेतली नाही. हललो असतो तर उजेड हलला असता. पाच महिन्यांत ती गेली, आणि मग पडद्यावरून दिवसातून चार वेळा तेच, हिला घ्या की. एकदा खरेच निघालो होतो. १९८४ ला फर्दापूरच्या स्टँडावर उतरलो. समोर पोर मामीच्या पदराला धरून उभी होती, हसत होती. मी त्याच एसटीने परत आलो. मंजुळाचे हे वाक्य मी सुलेखाच्या नावे करतो. माझ्याकडे याहून किमती काही नाही, आणि ते देताना मला लाज वाटते.

येणेप्रमाणे वाचून दाखवले. प्रांजलीला साक्षीदार व्हायचे होते, पण तिला मिळकत मिळते म्हणून वकिलांनी तिला बाहेर बसवले. साक्षीदार: १) आशाबाई सोनवणे, शेजारी. २) सम्यक पगारे, झेरॉक्सवाले.

पुरवणी. सही करण्याआधी आशाबाई भडकल्या, म्हणून ही जोडतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मेल्यावर कशाला देता वं? ती इचारंल, माय काय म्हणली, कसं म्हणली, तवा तुम्ही कुठं असताल? कागदाला इचारायचं व्हय तिनं?"  म्हणून उद्या सकाळच्या एसटीने मी डबा मांडीवर घेऊन फर्दापूरला जात आहे. ती घेईल की तोंडावर दार लावेल, सांगता येत नाही.

माझ्या मागे सामानात हा डबा सापडला नाही, तर कोणी शोधू नये. सापडला, तर मी पुन्हा स्टँडावरूनच परत आलो असे समजावे, आणि कोणीतरी सुलेखाला ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावे.

सही: बिभीषण आप्पा वाघमोडे
साक्षीदारांच्या सह्या: आशाबाई सोनवणे, सम्यक पगारे
हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दि. १६ नोव्हेंबर २०२५