सूचना माझी, हरकतही माझीच

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून दोनदा समज.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं मी विचारत नाही, कारण मागे तूच म्हणालीस की त्याची कोणी चौकशी केली की तो दुखायला लागतो. गॅलरीतल्या कुंड्यांना ऊन पुरतं ना? आणि तुझ्या दारासमोर लोक गाड्या आडव्या लावून जातात ते थांबलं, की अजून पिशवी डोक्यावर धरून आडवं आडवं बाहेर पडावं लागतं? आम्ही सगळे बरे आहोत. एवढं लिहून मी पाच मिनिटं थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. तब्येतीने बरे आहोत. बाकीचं सविस्तर लिहिते. (फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि मग मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.)

आमची भिंगरी यंदा पहिलीत जाणार. पाण्याच्या टाकीजवळची पालिकेची शाळा तिने मागच्या वर्षीच नक्की केली आहे. आम्ही नुसतं बघायला म्हणून गेलो होतो, तर तिने वर्गातल्या दप्तरांच्या खुंट्या मोजल्या, तिसरी आपली असं जाहीर केलं आणि तिच्यावर माझी छत्री अडकवून आली. छत्री आणायला मला परत जावं लागलं. तेव्हापासून घरात काही हरवलं की ती म्हणते, तिसऱ्या खुंटीवर असेल. ही शाळा मिळाली नाही तर दुसरी आहे ती हमरस्त्याच्या पलीकडे, मध्ये एक बस बदलून, आणि तिथे पोचायला भिंगरीला सकाळी सहाला उठवावं लागेल. भिंगरीला सकाळी सहाला उठवणं काय असतं हे तू आमच्याकडे राहायला आली होतीस तेव्हा पाहिलं आहेस, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

पालिकेच्या शाळेत प्रवेश अंतरावर मिळतो. तुमच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत एक हजार मीटरच्या आत असाल तर पहिल्या यादीत, बाहेर असाल तर जिथे जागा उरेल तिथे. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून धरत नाहीत. पालिकेचा माणूस दांड्याला लावलेलं एक चाक ढकलत प्रत्यक्ष चालत जातो, आणि चाकाच्या बाजूच्या डबीत आकडे पुढे सरकतात. आमच्या घरून लाँड्रीवाला आणि चांभार यांच्या दुकानांमधल्या बोळातून गेलं की नऊशे चाळीस मीटर. हे मी भिंगरी सहा महिन्यांची असतानाच मोजून डायरीत लिहून ठेवलं होतं. (तुझे जावई तेव्हा म्हणाले होते, आधी तिला बसता तर येऊ दे.)

आता त्या बोळाबद्दल. तिथून दोन वर्षं मोटरसायकली भरधाव जात होत्या. बोळ एवढा अरुंद की मोटरसायकल आली की माणसाने भिंतीला पोस्टरासारखं चिकटायचं. मागच्या हिवाळ्यात एकीच्या आरशात भिंगरीच्या पिशवीचा बंद अडकला आणि ती चार पावलं ओढली गेली. गुडघा खरचटला, एवढंच. पण त्या रात्री मी डायरीत काही लिहू शकले नाही, नुसती तारीख टाकली. आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात पालिकेने शहर-रचनेसाठी नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवल्या. मी सूचना लिहिली. चार पानं. बोळाच्या तोंडाशी एक लांब दगडी बाक आणि त्याच्या दोन्ही टोकांना मोठ्या कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे दुचाकी आत शिरणार नाही आणि थकलेल्या माणसाला बसायला जागा होईल. सोबत नकाशा, पट्टीने काढलेला, मापांसकट. मी छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासते हे तुला माहीत आहे. त्या चार पानांत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. हे मी अभिमानाने सांगत नाही, पुढे काय झालं ते कळावं म्हणून सांगते.

आत्या, यापूर्वी मी पालिकेला अकरा सूचना पाठवल्या आहेत. (डायरीत क्रमाने आहेत. सातवी, बागेतल्या झोपाळ्याच्या कुरकुरीबद्दलची, मला अजूनही चांगली वाटते.) एकीलाही उत्तर आलं नाही. त्यामुळे मी ही बारावीही टाकून विसरून गेले. आणि पालिकेने ती मान्य केली. नुसती मान्य नाही, तर अडीच महिन्यांत गवंडी येऊन माझ्या नकाशाबरहुकूम बाक बांधून गेले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. कुंडी, बाक, कुंडी. कारण मी नकाशात तसंच काढलं होतं. दुचाकी जाऊ नये याचा मी इतका बारकाईने विचार केला होता की माणसाला जायला जागा ठेवायची राहून गेली.

आता लोक बाकावर चढतात आणि पलीकडे उतरतात. लाँड्रीवाला डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन चढतो तेव्हा मी दुसरीकडे बघते. वयस्कर बायका आधी बाकावर बसतात, थोड्या गप्पा मारतात आणि मग दोन्ही पाय एकदम पलीकडे घेतात. त्यांच्यात आता बरीच मैत्री झाली आहे. बाकावर पालिकेने पाटी लावली आहे, 'एका जागरूक नागरिकाच्या सूचनेवरून'. चांभार रोज ती मोठ्याने वाचतो आणि विचारतो, हा जागरूक माणूस झोपतो कधी. मी तीन आठवडे त्याच्याकडे चपला नेल्या नाहीत. एकदा तर त्याने मलाच विचारलं, 'ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय वाटतं, कोण असेल हा?' मी म्हटलं, असेल कोणी. त्यानंतर दोन दिवस मला ते टोचत राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी मी जाऊन कबूल केलं. तो म्हणाला, 'मला माहीत होतं. पट्टीने काढलेलं दिसतंच की.'

इथवर ठीक होतं. मग चाकवाला आला. साधारण साठीला टेकलेला, डोक्यावर टोपी, कोणाशी फारसं न बोलणारा. मी त्याच्यासोबत उंबऱ्यापासून निघाले, आकडे बघत. दोनशे दहाला तो बाकापाशी थांबला. मी म्हटलं, उचलून पलीकडे ठेवा. तो म्हणाला, 'बाई, बावीस वर्षं चाक जमिनीवरनं उचललेलं नाही.' मी म्हटलं, सगळे लोक असेच जातात. तो म्हणाला, 'लोक जाऊ देत. चाक जात नाही तिथे वाट नाही, असं नियमात आहे.' खरंच तसं आहे, मी नंतर वाचलं. मग आम्ही उंबऱ्याशी परत आलो, त्याने आकडे शून्यावर आणले आणि आम्ही मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेलो. फाटकाशी डबीत एक हजार तीनशे दहा. त्याने आकडा लिहिला आणि सहज विचारलं, 'कोणाच्या डोक्यातनं आलं हो हे बाकाचं?' माझ्याच डोक्यातनं, असं मी सांगितलं. तेव्हा त्याने टोपी काढली. 'तुमचा नकाशा साहेबांनी भिंतीवर लावलाय,' तो म्हणाला. 'नवीन पोरांना दाखवतात, असा काढायचा म्हणून.'

मी पालिकेत गेले. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, वाट कुठून जाते हे शहर-रचना खातं ठरवतं, दुसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, बाक नागरिकांच्या मागणीवरून आहे, आम्ही परस्पर कसा हलवणार, हरकत घ्या. मी विचारलं, बाक राहू दे, माणूस जाईल एवढी फट तरी ठेवता येईल का. तर फट म्हणजे नवी सूचना, आणि नव्या सूचना पुढच्या वर्षी. सध्या फक्त हरकत, आणि हरकतीवर एकच निर्णय, बाक राहील किंवा जाईल. मी हरकत लिहिली. (दोन पानं. नकाशा जोडला नाही.) आठ दिवसांत सुनावणीचं बोलावणं आलं. एक नाही, दोन. एक हरकत घेणारीला आणि एक मूळ सूचना करणारीला. दोन्हींवर माझंच नाव, वेळही तीच.

सुनावणीच्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या. अधिकारी बाई अगदी सभ्य, चष्मा दोरीला लावलेला. त्यांनी दोन्ही कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'पद्धत पाळावी लागेल. हरकत डाव्या खुर्चीवरून, उत्तर उजव्या खुर्चीवरून.' तुझे जावई मागच्या बाकावर बसले होते. त्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, त्यामुळे काहीही अडकलं तरी ते शांत असतात. निघताना एवढंच म्हणाले होते, डावीकडून बोल आणि उजवीकडे बसून गप्प राहा.

डाव्या खुर्चीवरून मी बरी बोलले. बोचकी, वयस्कर बायका, चाक, तेराशे दहा मीटर, सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. मी उठून उजवीकडे बसले. गप्पच बसणार होते, देवाशप्पथ. पण बाईंनी विचारलं, 'हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?' आणि आत्या, मला ते पूर्ण मान्य नव्हतं. हरकतीत लिहिलं होतं की बाकामुळे कोणाचाच फायदा झालेला नाही. हे खरं नव्हतं. बाक झाल्यापासून बोळात एकही मोटरसायकल आलेली नाही. मुलं तिथे आता जमिनीवर बसून खेळतात, भिंगरीही. त्या बायका रोज येतात. आणि त्या हिवाळ्यातल्या दिवसाबद्दल मी कधी कोणाशी बोलले नव्हते, ते मी तिथे बोलले. बंद कसा अडकला, ती कशी ओढली गेली, मला हाक मारायलाही कसं सुचलं नाही. शेवटी मी म्हटलं की हरकत घेणारीचा मुख्य हेतू शाळेतला प्रवेश हा दिसतो, आणि एका घराच्या सोयीसाठी सगळ्या मुलांची वाट पुन्हा धोक्याची करणं योग्य होणार नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. हरकत फेटाळली. जाता जाता म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतकं नेमकं उत्तर ऐकलं नाही. जिना उतरून खाली आल्यावर तुझे जावई म्हणाले, 'डावीकडची बाई बरी होती. तिला वकील मिळायला हवा होता.'

त्या दिवशी डायरीत मी बराच वेळ विचार करून लिहिलं की मी प्रामाणिकपणे वागले की मला माझंच बोलणं आवडत गेलं, हे मला ठरवता येत नाही. दुसरं असेल तर त्याची किंमत माझ्याऐवजी भिंगरी मोजणार, सकाळी सहाला. तिला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, त्या दुसऱ्या शाळेत तिसरी खुंटी आहे का. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, पण ती दुसऱ्या कोणाची असेल ना.

काल तुझ्या जावयांनी सुचवलं की दुसऱ्या फेरीच्या अर्जात तुझा पत्ता घालावा. पुष्कळ लोक घालतात, कोणी बघायला येत नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. आपण जिथे राहत नाही तो पत्ता लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि मुलीचं पहिलं शाळेचं पान खोट्याने सुरू करायचं नाही. तुझ्या नावाचा असा उपयोग मी कधी करणार नाही, याबद्दल निश्चिंत राहा. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी आहे. गुडघ्याला जप, कुंड्यांना माझी आठवण सांग.

तुझी भाची

ता. क. तुझ्या उंबऱ्यापासून शाळेचं फाटक सहाशे दहा मीटर आहे. रविवारी तू दुपारी झोपली होतीस तेव्हा आम्ही टेपने मोजलं. बेल वाजवली नाही, झोपमोड नको म्हणून.

ता. क. २. खोटा पत्ता देणार नाही म्हटलं ते पक्कं. पण माणूस खरोखरच तिथे राहत असेल तर पत्ता खोटा होत नाही. आम्ही एक तारखेला तिघं तुझ्याकडे राहायला आलो तर चालेल का? प्रवेश मिळाला की निघून जाणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून निदान चौथीपर्यंत राहू. कपाट एकच आणू. जावई गॅलरीत झोपायला तयार आहेत, कुंड्यांना पाणीही घालतील. भिंगरी विचारते आहे, आत्याआजीकडे खुंट्या किती.

ता. क. ३. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तुझ्या दारासमोर गाड्या लागू नयेत म्हणून कठडा बांधावा, अशी सूचना तू मागे पालिकेत दिलीस. ती मी लिहून दिली होती, आठवतं? नकाशाही मीच काढला होता, त्याच पट्टीने. तुझ्या इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसाला बाहेर पडायला जागा ठेवल्याचं मला आठवत नाही. ती मागे घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. कृपा करून घे. आणि सुनावणीला बोलावलं तर एकटीच जा. मला सोबत नेऊ नकोस, मला कठड्याची बाजू पटेल.