कोपीची जागा भुवीच्या नावे

मी, महालिंगप्पा गुरुपादप्पा हत्तुरे, वय त्र्याहत्तर, धंदा किराणा, राहणार नळदुर्ग, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकात न येता किंवा भरीला न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

१) राहते घर माझ्यामागे पत्नी गिरिजाबाई यांचे. स्वयंपाकघरात सून अर्पिताला काही हलवायचे असेल तर त्यांना विचारावे. त्या "हलव" म्हणतील आणि मग आठ दिवस अबोला धरतील, तो सोसावा. त्यांच्यानंतर घर मुलगा गौरीशंकर याचे.

२) दुकान आणि शेत गौरीशंकरला. अट एवढीच की दरसाल वेळा अमावस्येला शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटे, उभारून पांडव पुजायचे, भज्जी-आंबील करायची आणि वाटेवरच्यालाही जेवायला बोलवायचे. ट्रॅक्टर आला म्हणून पांडवांना विसरू नये.

३) घराशेजारची, हायवेला लागून असलेली मोकळी जागा, जिच्यात मुलांची कोपी उभी आहे, ती माझी नात भुवनेश्वरी, म्हणजे आमची भुवी, हिच्या नावे. ती सज्ञान होईपर्यंत अर्पिताने पालनकर्ती म्हणून सांभाळावी. कायदा भुवीला अज्ञान म्हणतो. कोपीतला तिचा कारभार पाहिला असता तर म्हणाला नसता.

असे का, ते लिहितो. पाचवे लागले तरी भुवी आईच्या कानाशी सोडून कुठेच बोलत नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनी कान-जीभ ठीक असल्याचे सांगितले. बळजबरी करू नका, खेळू द्या, म्हणाले. त्या वर्षी वेळा अमावस्येला जेवणे झाली, आम्ही बांधावर लवंडलो, आणि कोपीतून आवाज आला. चुना लावलेल्या पाच दगडांना, म्हणजे पांडवांना, भुवी आंबील वाढत होती. "बास आता भीमा, लई खाल्लंस. धाकट्यांना ऱ्हाऊ दे." मी हललो नाही. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

सण झाला की कोपीचा कडबा बैलांपुढे टाकायचा, ही रीत. मी टाकू दिला नाही. बैलांनी माफ करावे. पुढे पावसाळ्याआधी दुकानाच्या जुन्या फळ्या आणि पत्रे लावून घराशेजारी पक्की कोपी केली. दार मुद्दाम ठेंगणे ठेवले. माझ्या गुडघ्यांमुळे पोरे माझ्यापासून सुखरूप आहेत. गल्लीतली सगळी येतात. सकाळी कोपी एसटी असते, दुपारी दवाखाना. ड्रायव्हर कोण, यावरून भांडतात आणि आपली आपण मिटवतात. भुवी तिकिटे फाडते, प्रवाशांना मागे सरकायला सांगते. कोपीबाहेर आली की मात्र पुन्हा गप्प. शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करते.

४) कोपीत विकतची खेळणी ठेवू नयेत. गौरीशंकरने आणलेली बॅटरीची मोटार एकच खेळ खेळते, करवंटी वाटेल तो खेळते. करवंट्या, चिंचोके, विटांचे तुकडे, गिरिजाबाईंचे जुने इरकल लुगडे आणि माझी तागडी एवढे राहू द्यावे. आत कुणी पाढे शिकवू नयेत, डोकावू नये, मोबाईलवर फोटो काढू नयेत.

५) शेजारीण धुरपदाबाई आमच्या उंबऱ्यावर बसून भुवीला "मुकी" म्हणाली, ते मी विसरलेलो नाही. तिला माझ्याकडून काही नाही. तिच्या नातवंडांना मात्र कोपीत कायमची मुभा. म्हाताऱ्यांची भांडणे पोरांच्या खेळात नेऊ नयेत.

६) गौरीशंकर मला म्हणाला, "अप्पा, हायवेची जागा हाय. गाळे काढू. कोपीनं काय होतंय?" मी म्हणालो, "तुझी पोरगी बोलतीय तिथं. अजून काय व्हायला पाहिजे?" त्याला गाळे हवेच असतील तर भुवीने स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, "मोडा" म्हणावे. मान हलवलेली चालणार नाही. वदवून घेऊ नये. तोवर एक फळी हलवू नये. पोर बाहेर कधीच बोलली नाही तर काय, ही भीती मला रोज वाटते. म्हणून मी गेल्यावरही तिची जागा राहायला हवी.

७) साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. शेजारी बलभीम साक्षीदार आहे, त्याने रुसू नये.

पुरवणी: वरील मजकूर सहीपूर्वी साक्षीदारांना अंगणात मोठ्याने वाचून दाखवला. सहावे कलम ऐकून गौरीशंकर म्हणाला, "म्हंजे कोपी कवाच मोडायला यायची न्हाय की, अप्पा." तेवढ्यात भुवी कोपीतून बाहेर आली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि बापाकडे बघून म्हणाली, "मोडायची न्हाय. आत माझी माणसं हायत."

"परत म्हण" म्हणायला गौरीशंकरने तोंड उघडले, पण अंगणवाडीताई नागम्माने त्याला हाताने गप्प केले. भुवी परत आत गेली. मला बराच वेळ पुढचे अक्षर दिसेना.

हे शब्द कोपीबाहेर, उघड्या अंगणात, कुणी न सांगता बोलले गेले आहेत. साक्षीदारांनी आधी याची साक्ष द्यावी, मृत्युपत्राची मागाहून दिली तरी चालेल.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६
(सही) महालिंगप्पा गुरुपादप्पा हत्तुरे

साक्षीदार:
१. बलभीम सुरवसे, शेजारी. मी ऐकले. (सही)
२. नागम्मा स्वामी, अंगणवाडीताई. मी ऐकले. (सही)