सायोसाठी दोन शब्द

चंद्रपूर, १२ जानेवारी २०२५

आ. रुखमाआत्यास,
खुशबूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. शहजादीमावशीच्या उमेराचा फोन आला होता. मावशी जाऊन वर्ष होत आलं, तरी अम्मीची एवढी जिवाभावाची मैत्रीण त्यांच्या घराची पायरी चढली नाही, म्हणून ती हिरमुसली आहे. मय्यतीला गेलीस, पण तिथेही तुझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. आत्या, मला त्याचीच भीती वाटते.

सुट्टीत तुझ्या मोबाइलमध्ये जपानी कार्टूनची मालिका टाकून दिली होती, ती बघ. हिंदीतच आहे. मी तर उशी भिजवली.

आशीर्वाद चालू ठेव, रागावणं थोडं कमी कर.
तुझी खुशबू

आलापल्ली, २० जानेवारी

चि. खुशबूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

जन्मभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, आता म्हातारपणी तू मला कार्टून बघायला लावलंस! एवढाल्या डोळ्यांच्या त्या पाच मैत्रिणी बघून आधी हसूच आलं. पण त्यातली सायो भारी द्वाड निघाली. दुसरीच्या डब्यातलं खाते आणि वर मीठ कमी आहे म्हणते. शहजादीचा हाच धंदा होता. आता ती पोर खोकायला लागली आहे. तिला काही झालं तर तुझी खैर नाही.

उमेराचं म्हणशील, तर शहजादीशिवाय ते घर मला बघवायचं नाही. तो विषय काढू नकोस.

पोटभर खा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.
तुझी आत्या

चंद्रपूर, २५ जानेवारी

आ. आत्यास सप्रेम जयभीम.

घाईत लिहिते आहे. शेवटचे भाग एकटी बघू नकोस. शेजारच्या हर्षाकाकूला सोबत घे.

माया असू दे, मार नको.
खुशबू

आलापल्ली, ५ फेब्रुवारी

चि. खुशबूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. सायो आदल्या दुपारीच गेली. घरात बसवेना म्हणून विहारात गेले, तर तिथे रडू आवरेना. हर्षाबाईने विचारलं, काऊन रडून राह्यली, कोण गेलं. मी म्हटलं, सायो गेली, खुशबूमुळे ओळख झाली होती. झालं! बायांनी ठरवून टाकलं की सायो म्हणजे तुझ्या हॉस्टेलातली मणिपूरची पोरगी. मी डोळे पुसेपर्यंत रविवारी तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, जेवणासाठी घरोघरी तांदूळ गोळा झाले. खरं सांगायची सोयच उरली नाही.

रविवारी मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं आणि हर्षाबाईने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. आता कबूल करून मोकळं व्हावं म्हणून तोंड उघडलं, तर शहजादीबद्दलच बोलत सुटले. बांगड्या भरताना ती मला कशी हसवायची, भांडली की तासाभरात स्वतःच चहा घेऊन कशी यायची, सगळं. पोरी, वर्षभराचं रडू एकदम निघालं. सायोचं कुणी विचारलंच नाही. सगळ्या बाया शहजादीसाठी श्रद्धांजलीला उभ्या राहिल्या. मागे उमेराही उभी होती. बातमी ऐकून बिचारी तुझ्या मैत्रिणीसाठी आली होती.

कार्यक्रम आटोपल्यावर तिने माझा हात धरला आणि घरी नेलं. मी गेले.

तुझी करामत तिला सांगितली, तर हसून हसून तिचं पोट दुखलं. आता तिलाही ती मालिका बघायची आहे. काल शहजादीच्या पलंगावर बसून आम्ही दोघींनी पहिल्यापासून लावली. सायो हसली की माझे डोळे भरतात. उमेरा विचारते, खाला, आताच काऊन रडून राह्यल्या, तिचं जाणं तर लई दूर आहे. मी म्हणते, तू पाहत राह.

सुट्टी मिळाली की ये. आता आम्ही दोघी वाट पाहतो.
तुझी रुखमाआत्या