तिसरा आग्रह

प्रिय आर्डिसताईस, धाकट्या हार्लनचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी थंडीआधी घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करून घेतली का? (घेतली नसणार. मागच्या वर्षीही 'उद्या बघू'च चाललं होतं.) इकडे सगळे खुशाल. गहू बरा आला, तुझी भावजय व्हर्लीन मजेत आहे, आणि मी तर इतका आनंदात आहे की विचारू नकोस. आमदारकीची आठ वर्षं संपत आली, कायद्याने पुन्हा उभं राहता येत नाही, सुटलो एकदाचा. राजधानीतला, बिस्मार्कचा तो गारठा, विधानसभेच्या त्या समित्या, ती पाणचट कॉफी... मला काही म्हणजे काही वाटत नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल, लोकांनी सह्यांचा अर्ज काढलाय. मुदतीची मर्यादा असू दे, पण एखाद्या मतदारसंघाला आपला माणूस आणखी एकदा हवाच असेल, तर तिथल्या लोकांना ती वाढवता यावी. माझं म्हणणं साधं आहे. एकदाच वाढायचं हा नियम यजमानाने, म्हणजे लोकांनीच केला ना? मग भांड्यावरचं झाकण पुन्हा काढायचा हक्क त्याला नको? यावर आमचा शेजारी सेल्मर (याच्या दारापर्यंतचा रस्ता कुणाच्या खटपटीने झाला, ते जाऊ दे) म्हणतो, "अरे, आपल्या लोकांना कुणाला 'ऊठ आता' म्हणता येतं का? ते भिडेपोटी वाढत बसतील आणि तू खात बसशील." बोलणं झोंबलं, पण अगदीच खोटं नाही, म्हणून मी हवापाण्याचा विषय काढला.

तर गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं, आपल्या वाडवडिलांच्या त्या बुळबुळीत माशाचं जेवण होतं. आमच्या नव्या पास्टरबाई मार्सी (पोरगी गुणी, पण दूरच्या अ‍ॅरिझोनाची) अर्ज घेऊन उभ्या राहिल्या आणि भर पंगतीत मला म्हणाल्या, "हार्लन, लोकांनी मुदत वाढवून दिली तर आमदार म्हणून थांबाल ना?" आता भल्या घरचा माणूस काय म्हणणार? मी म्हणालो, "छे छे, नको. पुष्कळ झालं." आईने आपल्याला शिकवलंच होतं ना, कॉफी दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणायचं! सेल्मर कितीही खडूस असला तरी आपल्यातला. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, "बघ हं, थांबला असतास तर?" मी म्हणालो, "नको रे बाबा, खरंच नको." आणि जीव मुठीत धरून तिसऱ्याची वाट बघत बसलो. तेवढ्यात मार्सीबाई म्हणाल्या, "मंडळी, यांच्या इच्छेचा आपण मान राखू या!" टाळ्या! अर्ज पिशवीत गेला. वर बाईंनी लेफ्सेची शेवटची पोळी उचलून खाल्ली. अर्धा तास आम्ही सगळे तिचा अर्ध्यातला अर्धा तुकडा तोडत होतो, अख्खी उचलायची कुणाची छाती नव्हती. मीही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? येत्या रविवारी माझा निरोपसमारंभ आहे, केकसुद्धा सांगितलाय म्हणे.

असो. दाजींना नमस्कार.

तुझा,
हार्लन

ता. क. खरं सांगू, ताई? मला थांबायचंय. टाळ्या पडल्या तेव्हा रडूच यायचं बाकी होतं. तू रविवारी ये आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार. दोनदा झालंय, तेव्हा एकदाच पुरे. मोजणी पहिल्यापासून सुरू करू नकोस, नाहीतर सवयीने मी पुन्हा 'नको' म्हणेन.

आणखी एक ता. क., व्हर्लीनकडून. ताई, पाकीट न चिकटवताच टपालात टाकायला दिलं, म्हणून वाचलं. पहिल्या वर्षी हा बिस्मार्कला निघाला तेव्हा मी विचारलं होतं, "घरी थांबतोस का?" म्हणाला, "नको." माझ्या ऑपरेशनच्या हिवाळ्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही "नको." मी मान राखला. पण मीही याच तळघरात लहानाची मोठी झालेय, तिसऱ्यांदा विचारायचं माझंही राहिलंय. तुम्ही रविवारी जरूर या. फक्त जरा उशिरा या. आधी मी विचारते.