फेट्याखालचा माणूस

प्रिय लुंबिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही आणि गुडघे सोडले तर मीही ठणठणीत आहे. जे सांगायचंय ते फोनवर लिहायला बसलो की दोन ओळींत संपतं आणि तेही मीच पुसून टाकतो, म्हणून कागद घेतला. तुझ्या घरी कुणी वाचलं तरी हरकत नाही. आपल्यात लपवण्यासारखं जे होतं, ते दोन्हीकडच्या मोठ्यांनी केव्हाच निकालात काढलंय. साधी गोष्ट आहे: सगळं लातूर मला ओळखतं आणि मला फार एकटं वाटतं. इथे हे कुणाला सांगावं, तर तो आधी माझ्यासोबत सेल्फी काढेल.

माझं काम तुला पेपरातून कळलं असेल, पण पेपरवाले अर्धंच सांगतात. सुरुवात झाली भुजंगपासून. हा जळकोटचा, डाळमिलमध्ये हमाली करायचा आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात एका देखण्या हिरोचा डुप्लिकेट म्हणून नाचायचा. माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आला आणि सवयीने हिरोसारखी मान तिरकी करून बसला. कितीदा सांगितलं तरी मान सरळ होईना. म्हटलं, राहू दे बाबा तशीच. त्याला आडत बाजारात नेलं आणि तुरीच्या ढिगाशेजारी, भाव पाडला म्हणून आडत्याशी भांडताना उभा केला आणि फोटो काढला. मग ब्लाउज शिवणारी राजकन्या सापडली, नाकीडोळी थेट एका गाजलेल्या हिरोईनसारखी. तिला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लावली. एका चॅनेलने भुजंगचा फोटो खरा समजून दिवसभर चालवला, हिरो लातुरात शेती घेतोय म्हणून. तिथून मी जो सुटलो तो मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांपर्यंत. मला एवढंच दाखवायचं होतं, की आपण ज्यांच्यामागे वेडे होतो त्यांच्यात निम्मा गॉगल असतो आणि निम्मी तिरकी मान. लोक पोट धरून हसले, पटलं म्हणाले, आणि मग त्यांनी मलाच डोक्यावर घेतलं.

डोक्यावर घेतलेल्या माणसाचं आपल्याकडे काय करतात ते तुला ठाऊक आहे. सत्कार! भुवयांपर्यंत फेटा, हनुवटीपर्यंत हार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि स्टेजवर इतकी माणसं की फळ्या करकरतात. गेल्या दिवाळीत आमच्या चौकात माझंच फ्लेक्स लागलं, ‘लातूरचे भूषण’. माझं डोकं ट्रॅक्टरच्या चाकाएवढं आणि खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं, सगळ्यांना एकसारखे गॉगल. त्याच्याच सावलीत बसून भाजी विकणारी नागाबाई मला म्हणाली, “वरी लई तरणे दिसायलात की सर.” पहिल्या वर्षी या सगळ्याची मजा वाटली, हे कबूल. मग समारंभ आटोपून घरी यायचं, एकट्यापुरता भात टाकायचा आणि घरात माणसाचा आवाज असावा म्हणून टीव्ही लावायचा, याचा कंटाळा यायला लागला. शालींनी कपाट भरलंय. अंगावर अजून आईच्या हातची वाकळच घेतो.

म्हणून यंदा मी सत्कारांना नाही म्हणायला लागलो. इस्लापूरच्या मंडळींनाही फोनवर नाही म्हटलं. पण त्यांचं फ्लेक्स लागलेलं, मांडव घातलेला, आमदार येणार म्हणून कळलेलं. आपल्या भागात असल्या वेळी कार्यक्रम रद्द होत नाही. फेटा आलाय ना, मग त्याच्याखाली कुणीतरी पाहिजे. त्यांनी उदगीरचा नागप्पा नावाचा रिटायर कंडक्टर शोधून काढला. पांढरी दाढी माझ्यासारखी, अंगलोट माझ्यासारखी. गळ्यात कुणाचा तरी कॅमेरा अडकवला की झालं. मला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी. तिकडच्या एका ओळखीच्याचा फोन आला, “सर, काय बोललात काल! आमची म्हातारी रडली.” मी फोन ठेवला. आधी खूप हसलो. मग हसू येईना.

पुढे नागप्पाचा जम बसला. मी नाही म्हटलं की त्याला बोलावणं. जळकोटला त्याचा सत्कार आहे, म्हणजे माझा, असं कळल्यावर मीच एसटीने गेलो. पुढच्या रांगेत टेकलो, तर बिल्ला लावलेल्या एकाने दंडाला धरून उठवलं. “काका, मागं सरका, व्हीआयपीची जागा हाय ही.” मागे सरकलो. नागप्पा बोलायला उभा राहिला आणि लुंबिनी, काय सांगू, तो माझ्याहून चांगला विरूपाक्ष आहे. मी माईकवर चिडचिडतो, लोकांना टोमणे मारतो. त्याने आधी सगळ्यांच्या पिकापाण्याची चौकशी केली, मग भुजंगची गोष्ट अशी रंगवली की मीच टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्या गोष्टी त्याने पाठ केल्या आहेत, तुझी सोडून, कारण ती मी कधी कुणाला सांगितली नाही. नंतर मी रांगेत उभा राहून त्याला भेटलो. मला बघून त्याचा चेहरा पडला. कानाशी येऊन म्हणाला, “माफी करा सर. घरी कुणी विचारत न्हाई हो. हितं लोकं हात धरून खुर्चीवर बसवतेत.” त्याच्यावर रागवायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही. त्याने माझ्यासोबत एक फोटोही काढून घेतला. मागच्या माणसाला घाई होती, मी बाजूला झालो.

येताना बसमध्ये हिशेब मांडत होतो, की आता माझी गरज नक्की कुणाला आहे. सत्काराला नाही, फ्लेक्सला नाही, माझ्या गोष्टींनाही नाही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की चेहरा कुणाचाही चालतो. ते खरं निघालं, आणि खरं निघाल्याचा मला जराही आनंद झाला नाही. तरी मनाची समजूत घातली, की चालेना का सगळ्यांना. एक माणूस असं आहे ज्याला चालणार नाही.

आणि परवा तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांनी. नांदेडच्या पेपरातलं कात्रण, फेटा, हार, शाल, आणि खाली तू लिहिलेलं, “अजिबात बदलला नाहीस. चेहऱ्यावर किती समाधान दिसतंय रे! बघून फार बरं वाटलं.” लुंबिनी, तो नागप्पा आहे. आपल्या त्या दिवसांत एकदा नांदेडच्या बसस्टँडवर, दिवाळीच्या गर्दीत, डोक्याला मफलर गुंडाळून मी पाठमोरा उभा होतो आणि तू लांबून हाक मारली होतीस. म्हणाली होतीस, तुझी पाठ मला हजारात ओळखू येते. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. तुला दोष देत नाही. एवढ्या फुलांतून कुणाला काय दिसणार, आणि चष्मा तर आता तुलाही लागला असेल. पण काल स्टुडिओचं शटर ओढून घेतलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो. दुसऱ्यांचे काढता काढता स्वतःचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. तो सोबत ठेवलाय. डोक्यावर टक्कल आहे, दाढी वाढलेली आहे, समाधान वगैरे काही दिसत नाही. निवांत बघ, उजेडात धरून बघ. ओळख पटली तर कळव. नाही पटली, तरी कळव.

तुझाच,
बोडक्या डोक्याचा
विरूपाक्ष