कान ओढला म्हणजे

ताई,

शाळेच्या फॉर्मवर "मुलीबद्दल काही सांगायचं आहे का?" या ओळीपुढे मी "काही नाही" असं लिहिलं. तेवढ्यानं बाईंचे चार प्रश्न टळणार होते आणि आपली धाकटी चिमणी चारचौघींसारखी दिसणार होती. तू म्हणाली होतीस, "शहाण्या, तिला बोलता येत नाही, हे लिही." मी म्हणालो, "बघू."

आज तिला शू लागली, तेव्हा तू शिकवलंस तसा तिनं कान ओढला. बाईंना वाटलं, कान दुखतोय. त्यांनी मायेनं रुमाल बांधला. तिनं तो काढून पुन्हा कान ओढला. असं चार वेळा झालं आणि शेवटी शू बाकावरच झाली.

फ्रॉक बादलीत भिजवलाय. चिमणी आईजवळ झोपलीय. उठली की शाळेचं काही विचारू नकोस. बाई घरी निघायच्या आत तिच्या सगळ्या खुणा लिहून द्यायला मी शाळेत गेलोय. महिनाभर खपून तू तिला शाळेसाठी तयार केलंस; शाळेला तिच्यासाठी तयार करायचं, एवढंच माझ्याकडे होतं.

माझे चार प्रश्न टळले, ताई. कान मात्र तिचा लाल झालाय.

तुझा शहाणा